घरी बांधलेल्या रोडस्टरमध्ये इंजिन बसवताना: आधी जागा, मग माउंटिंग

आपण २५ मिमीच्या चौकोनी पोलादी पाइपांची चासी स्वतः जोडली आहे, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतले अंतर) २३०० मिमी ठेवला आहे, पुढचे-मागचे सस्पेन्शन बसवून झाले आहे आणि जुन्या मझ्दा एमएक्स-५ मधले १.६ लिटरचे इंजिन त्याच्या पाच गिअरच्या गिअरबॉक्ससह आणून ठेवले आहे. आपले प्रश्न तीन आहेत: दुसऱ्या कुणाच्या नकाशावरून माउंटिंगचे (इंजिन चासीवर धरून ठेवणाऱ्या आधारांचे) ब्रॅकेट आताच चासीला वेल्ड करून टाकावेत का, इंजिन नेमके किती मागे आणि किती खाली घ्यावे, आणि माउंटिंगला रबर ठेवावे की ते सरळ लोखंडीच करावे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. ब्रॅकेट हे या कामातले शेवटचे पाऊल आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र जोडून चासीत टेकूवर उभे करावेत, त्यांच्या भोवतीची प्रत्येक वस्तू आपापल्या जागी आणून पाहावी, आणि सगळे जमल्यावर इंजिन व चासी यांच्यात जी पोकळी उरेल ती भरून काढणारा ब्रॅकेट बनवावा. हाताने जोडलेली चासी नकाशापासून दोन-चार मिमी इकडेतिकडे झालेली असतेच, वेल्डिंगच्या आकसण्याने त्यात आणखी भर पडते, आणि ज्याने तो नकाशा काढला त्याचे संप (इंजिनाखालचे तेलाचे भांडे), मॅनिफोल्ड (इंजिनाला लागून असलेला एक्झॉस्टच्या नळ्यांचा जुडगा) आणि स्टिअरिंग आपल्यासारखे असेलच असे नाही. ब्रॅकेट आधी ठोकले की पुढचे सगळे त्या ब्रॅकेटच्या कलाने घ्यावे लागते, आणि मग एक्झॉस्टचा पाइप स्टिअरिंगच्या दांड्याला चिकटतो किंवा बॉनेटला भोक पाडण्याची वेळ येते.

इंजिन किती मागे घ्यावे, यावर हौशी बांधणारे फार चर्चा करतात, म्हणून आधी आकडे पाहू. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून १६० किलो धरले आणि ते ५० मिमी मागे सरकवले, तर पुढच्या चाकांवरून मागच्या चाकांवर जाणारा भार १६० गुणिले ५० भागिले २३००, म्हणजे जेमतेम साडेतीन किलो होतो. सहाशे किलोच्या गाडीत हा फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे. मागच्या खोक्यातली बॅटरी किंवा चालकाच्या वजनातला फरक यापेक्षा जास्त परिणाम करतो. उंचीचेही तसेच आहे. एकट्या इंजिनाचे ११० किलो धरून ते २० मिमी खाली आणले तर संपूर्ण गाडीचा गुरुत्वमध्य चार मिमीदेखील खाली येत नाही. इंजिन मागे आणि खाली असावे ही दिशा योग्यच आहे, पण शेवटच्या दहा-वीस मिमीसाठी संप जमिनीला घासू देणे किंवा पायांची जागा कापणे मला कधीही पटलेले नाही.

इंजिनाची पुढची-मागची जागा प्रत्यक्षात ठरवतात त्या गोष्टी निराळ्या आहेत. मागच्या बाजूला बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधले क्लच झाकणारे कवच) आणि चालकाचे पाय एकाच जागेसाठी भांडतात. लोटस या ब्रिटिश कंपनीने १९५७ साली आणलेल्या सेव्हनच्या घाटणीच्या सगळ्या अरुंद गाड्यांत हा प्रश्न येतो, कारण तिथे क्लच, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर अशी तीन पेडले बोगद्याच्या (गिअरबॉक्स आणि शाफ्ट झाकणाऱ्या मधल्या उंचवट्याच्या) शेजारच्या चिंचोळ्या खोबणीत बसवावी लागतात. त्यामुळे पेडले आधी बसवा, नेहमीचे बूट घालून सीटवर बसा, आणि मगच बेलहाउसिंगची मागची मर्यादा ठरवा. दुसरी मर्यादा गिअरच्या दांड्याची: तो हाताशी यायला हवा, कोपर सीटच्या पाठीला अडकता कामा नये, आणि दुसऱ्या व चौथ्या गिअरला दांडा मागे ओढताना हँडब्रेकला लागता कामा नये. पुढच्या बाजूला क्रँकची पुली आणि रेडिएटरचा पंखा यांच्यात एवढे अंतर हवे की इंजिन न काढता पट्टा बदलता येईल. या तिन्ही मर्यादांच्या मध्ये बहुधा तीस-चाळीस मिमीचीच मोकळीक उरते, आणि त्या मोकळिकीत शक्य तितके मागे, एवढेच सूत्र पुरेसे आहे.

उंची ठरवताना सुरुवात संपपासून करावी. दोन माणसे, भरलेली टाकी आणि थोडे सामान धरून गाडी जितकी खाली बसेल त्या अवस्थेत संपखाली ११० ते १२० मिमी मोकळे राहायला हवेत, आणि संपचा तळ चासीच्या खालच्या पाइपांपेक्षा फार तर २० ते २५ मिमी खाली असावा. अ‍ॅल्युमिनियमचा संप दगड लागला की तडकतो आणि तेल काही क्षणांत रस्त्यावर येते. पत्र्याचा संप फक्त चेपतो, पण चेपलेला तळ आतल्या ऑइल पिकअपच्या (पंपासाठी तेल ओढणाऱ्या नळीच्या) तोंडाला टेकला तर पंपाला तेल मिळत नाही आणि हे बाहेरून कळतही नाही, म्हणून तो प्रकार मला जास्त धोक्याचा वाटतो. संप कापून उथळ करायचा असेल तर पिकअपची नळीही तितकीच आखूड करावी लागते, तिचे तोंड आणि तळ यांच्यात मूळ गाडीत असलेले अंतर मोजून तेवढेच ठेवावे लागते, आणि उंचीत गेलेले तेल बाजूला पंख काढून भरून घ्यावे लागते. शिवाय वळणावर गाडीला एक जी (गुरुत्वाकर्षणाच्या प्रवेगाइतका) पार्श्वप्रवेग मिळाला की संपमधल्या तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. हलकी रोडस्टर चांगल्या टायरवर त्याच्या जवळपास सहज पोहोचते, त्यामुळे उथळ संपमध्ये आडव्या पट्ट्या आणि पिकअपकडेच उघडणारी छोटी झडप बसवल्याशिवाय इंजिन चालवू नये. हे काम जमणार नसेल तर संप आहे तसाच ठेवा आणि इंजिन वर घ्या. बॉनेटवरचा उंचवटा बेअरिंगपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

आता प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे फिरकी नेणाऱ्या दांड्याच्या, कोनाकडे वळू, कारण इंजिनाचा उभा कल हाच कोन ठरवतो. साध्या युनिव्हर्सल जॉइंटमधून (दोन दांडे कोनात जोडणाऱ्या सांध्यामधून) फिरणारा शाफ्ट एकसमान वेगाने फिरत नाही. जॉइंटच्या कोनाच्या कोसाइनप्रमाणे त्याचा वेग दर फेरीत दोनदा कमी-जास्त होतो. कोन १० अंशांचा असेल तर हा चढउतार दोन्ही बाजूंना सुमारे दीड टक्का असतो, आणि ३ अंशांवर तो ०.१४ टक्क्यावर येतो. दोन्ही टोकांचे जॉइंट समान कोनात आणि त्यांचे काटे एकाच प्रतलात असतील तर मागचा जॉइंट पुढच्याचा चढउतार पुसून टाकतो, आणि डिफरन्शियलला (मागच्या दोन चाकांना फिरकी वाटून देणाऱ्या गिअरपेटीला) वेग एकसमान मिळतो. म्हणून नियम असा की गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टची रेषा आणि डिफरन्शियलच्या पिनियनची (आत शिरणाऱ्या दातेरी दांड्याची) रेषा एकमेकींना समांतर असाव्यात. त्या एकाच उंचीवर असण्याची गरज नाही. उलट दोन्ही अगदी एका रेषेत आल्या तर जॉइंटमधले निडल रोलर (बेअरिंगचे सुईसारखे बारीक रूळ) जागच्या जागी राहतात आणि पृष्ठभागावर खाचा पाडतात. त्यामुळे अर्धा ते एक अंश कोन मुद्दाम ठेवावा आणि वरची मर्यादा तीन अंश मानावी.

आपल्या गाडीत हा नियम पाळणे मोठ्या गाडीपेक्षा अवघड आहे, कारण शाफ्ट आखूड आहे. ६०० मिमीच्या शाफ्टमध्ये दोन टोकांच्या उंचीत २० मिमीचा फरक आला तरी कोन १.९ अंश होतो. त्यात इंजिन स्टिअरिंगपासून दूर नेण्यासाठी बाजूला सरकवले असेल तर आडवा कोनही मोजायला हवा. उभा कोन ३ अंश आणि आडवा २ अंश असेल तर जॉइंटला प्रत्यक्षात मिळणारा कोन दोहोंच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ, म्हणजे ३.६ अंश असतो. बाजूला सरकवण्यात काही गैर नाही, २० ते २५ मिमी बरेच जण सरकवतात. पण इंजिन सरकवावे, तिरके करू नये. त्याची मध्यरेषा गाडीच्या मध्यरेषेला समांतरच राहिली पाहिजे.

इथे एमएक्स-५ च्या गिअरबॉक्सची एक खोच आहे आणि माझ्या मते आपल्या कामातला तोच सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. मूळ गाडीत या गिअरबॉक्सच्या शेपटीला चासीवर टेकणारे माउंटिंगच नाही. गिअरबॉक्सची शेपटी आणि डिफरन्शियलचे नाक यांना जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची एक लांब तुळई, म्हणजे पॉवर प्लांट फ्रेम, हे काम करते. इंजिनाचे दोन माउंटिंग पुढे आणि डिफरन्शियलचे दोन मागे, अशा चार बिंदूंवर हा सगळा समूह एकसंध टांगलेला असतो. एमएक्स-५ चा मूळ व्हीलबेस २२६५ मिमी आहे, आपला त्याच्या जवळपास आहे. त्यामुळे गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांच्यातले मूळ अंतर तंतोतंत राखता आले, तर ही तुळई आणि मूळ शाफ्ट दोन्ही जसेच्या तसे वापरता येतात, आणि शाफ्टच्या कोनांचा प्रश्नही सुटतो. अडचण एकच, की तुळईमुळे बोगदा रुंद होतो आणि इंजिन आणखी मागे घेण्याचा मार्ग बंद होतो. सीटसाठी रुंदी पुरत असेल तर मी हाच मार्ग सुचवेन.

तुळई काढून टाकायची असेल तर दोन नव्या गोष्टी बनवाव्या लागतील. पहिली, गिअरबॉक्सच्या शेपटीखाली आडवी पट्टी. तुळईचे बोल्ट जिथे बसत होते तीच भोके वापरून शेपटीला ब्रॅकेट लावता येतो, आणि पट्टी मात्र चासीला बोल्टने जोडलेली, सुटी होणारी हवी. दुसरी गोष्ट बरेच जण विसरतात: डिफरन्शियलच्या नाकाला आधार. या इंजिनाचा कमाल टॉर्क सुमारे १३६ न्यूटन-मीटर आहे. पहिल्या गिअरचे प्रमाण ३.१३६ आणि डिफरन्शियलचे ४.३ धरले तर चाकांपाशी साधारण १८३० न्यूटन-मीटर टॉर्क पोहोचतो, आणि स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत त्याची संपूर्ण प्रतिक्रिया डिफरन्शियलच्या खोक्याला सोसावी लागते. नाकाचा आधार मागच्या माउंटिंगपासून ३०० मिमी पुढे असेल तर त्या एका बिंदूवर ६१०० न्यूटनचे, म्हणजे सहाशे किलोहून जास्त वजनाइतके बल येते, आणि ते नाक वर उचलू पाहते. क्लच झटक्यात सोडला तर ते याहून कितीतरी वाढते. मूळ गाडीत हाच टॉर्क त्या लांब तुळईवर वाटला जात होता, म्हणून तिथे बल लहान होते. तेव्हा नाकाचा आधार दोन पाइपांच्या सांध्यावर, तिरकस पाइपाने बांधलेल्या चौकटीतच द्यावा. सरळ पाइपाच्या मधोमध लावलेली पत्र्याची जीभ इथे टिकणार नाही.

जागा ठरवण्याचे प्रत्यक्ष काम असे करावे. चासी चार स्टँडवर ठेवून स्पिरिट लेव्हलने दोन्ही दिशांना समतल करा, पण पुढची आणि मागची उंची प्रत्यक्ष धावताना असेल तितकीच असू द्या, आणि सस्पेन्शन त्याच अवस्थेत पक्के करून ठेवा. चासीच्या पुढच्या आणि मागच्या आडव्या पाइपांचे मध्य काढून ओळंब्याने ते जमिनीवर उतरवा आणि त्या दोन खुणांमधून खडूची दोरी मारा. ही गाडीची मध्यरेषा. आता फ्लायव्हील, क्लच, स्टार्टर, अल्टरनेटर, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि ऑइल फिल्टर लावलेले इंजिन गिअरबॉक्ससह चासीत उतरवा, संपच्या कडेखाली लाकडी ठोकळे द्या आणि शेपटीखाली जॅक लावा. क्रँकच्या पुलीच्या बोल्टच्या मध्यातून एक ओळंबा सोडा, गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टच्या मध्यातून दुसरा सोडा. दोन्ही खुणा खडूच्या रेषेपासून सारख्या अंतरावर आल्या की इंजिन मध्यरेषेला समांतर झाले. कल मोजण्यासाठी व्हॉल्व्ह कव्हरवर मापक ठेवू नका, त्याचा माथा सपाट असेलच असे नाही. कोनमापक पुलीच्या यंत्रावर घासलेल्या तोंडावर उभा लावा, कारण ते तोंड क्रँकच्या अक्षाला काटकोनात असते, आणि तसेच मोजमाप डिफरन्शियलच्या फ्लँजच्या तोंडावर घ्या. दोन्ही कोन एकमेकांशी जुळेपर्यंत शेपटीखालचा जॅक वर-खाली करा. शेवटी शाफ्टचा स्प्लाइन असलेला काटा गिअरबॉक्समध्ये पूर्ण आत ढकला आणि तिथून २० ते २५ मिमी बाहेर ओढा. त्या अवस्थेत मोजलेली लांबी हीच आपल्या शाफ्टची लांबी.

हे काम करताना टांगलेल्या किंवा ठोकळ्यांवर उभ्या असलेल्या इंजिनाखाली हात घालू नका आणि चेन ब्लॉकवर विसंबून कुणालाही खाली जाऊ देऊ नका. शक्य असेल तर मापे घेण्यापुरता क्रँक, पिस्टन आणि हेड काढून टाकलेला निकामी ब्लॉक मिळवावा. तो दोन माणसांना हलवता येतो आणि दिवसभर इकडेतिकडे करताना जीव टांगणीला लागत नाही.

सगळे जागेवर आल्यानंतर, ब्रॅकेटला हात लावण्याआधी, इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच बाहेर काढून पुन्हा आत घालून पाहा. ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण क्लच प्लेट बदलण्याची वेळ प्रत्येक गाडीवर येते, आणि त्या वेळी समूह तिरका करून शेपूट बोगद्यात उतरवताना वरचा तिरकस पाइप आड आला तर चासी कापण्यावाचून गत्यंतर राहत नाही. तो पाइप आड येत असेल तर आताच तो बोल्टने सुटा होणारा करून घ्या. काढून टाकू मात्र नका, कारण इंजिनाभोवतीच्या चौकटीचा पिळाविरुद्धचा ताठरपणा बराचसा त्याच्यावरच असतो.

आता माउंटिंग. लांबीच्या दिशेने बसवलेल्या इंजिनात माउंटिंगवर येणारा पीळ हा इंजिनाचा टॉर्क नसून गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा टॉर्क असतो, हे ध्यानात घेतले की सगळा हिशेब बदलतो. पहिल्या गिअरला तो १३६ गुणिले ३.१३६, म्हणजे सुमारे ४२६ न्यूटन-मीटर होतो. दोन माउंटिंगमध्ये ४०० मिमी अंतर असेल तर एका बाजूला सुमारे १०७० न्यूटनचे, म्हणजे १०९ किलो वजनाइतके बल वर उचलते आणि दुसऱ्या बाजूला तितकेच खाली दाबते. समोरून पाहताना क्रँक घड्याळाच्या दिशेने फिरत असल्यामुळे गाडीची डावी बाजू उचलली जाते. त्या माउंटिंगवर इंजिनाचे स्थिर वजन साधारण पन्नास-साठ किलोच असते, म्हणजे जोरात निघताना डावे रबर दाबाखाली न राहता प्रत्यक्ष ओढले जाते. रबर आणि पोलाद यांचा जोड ताणाखाली लवकर सुटतो. म्हणून माउंटिंग असे निवडावे की रबर सुटले तरी पोलादी भाग एकमेकांत अडकून राहतील आणि इंजिन वर उसळणार नाही. त्याच माउंटिंगला पुढे-मागेही आधार हवा, कारण एक जी इतक्या ब्रेकिंगला १६० किलोचा हा समूह सुमारे १५७० न्यूटन बलाने पुढे जाऊ पाहतो आणि पंखा रेडिएटरला लागतो.

रबर ठेवावे की नाही, याबद्दल माझे मत ठाम आहे: रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत रबर हवेच. एका रेषेतल्या चार सिलिंडरच्या इंजिनात, बॅलन्स शाफ्ट नसतील तर, क्रँकच्या दुप्पट वारंवारतेने उभा हादरा बसतो आणि तो इंजिनाच्या रचनेतच असतो. ६००० आरपीएमला ही वारंवारता २०० हर्ट्झ होते. लोखंडी माउंटिंगमधून तो हादरा थेट पातळ पाइपांच्या चासीत उतरतो आणि वेल्डच्या कडांना, रेडिएटरच्या पायांना, इंधनाच्या नळ्यांच्या क्लिपांना तडे देतो. सगळ्यात सोपा आणि चांगला उपाय म्हणजे मूळ गाडीची रबरे नवी आणून वापरणे. ती याच इंजिनाच्या वजनासाठी आणि एक्झॉस्टच्या उष्णतेसाठी बनवलेली असतात. फार हलते असे वाटले तर त्याच आकाराची थोडी कडक रबरे लावता येतात. पुढची दोन रबरी आणि शेपटीचे लोखंडी अशी सरमिसळ मात्र कधीही करू नका, कारण मग सगळा पीळ बेलहाउसिंग आणि गिअरबॉक्सच्या ओतीव खोक्यातून जातो.

ब्रॅकेटसाठी ५ मिमी जाडीची पाटी आणि ३ मिमीचे गसेट (कोपऱ्याला बळकटी देणारे त्रिकोणी तुकडे) पुरतात. ब्रॅकेटचा चासीकडचा पाय सांध्याजवळ यावा, आणि एका पाइपाच्या पातळ भिंतीवर टेकण्याऐवजी वरच्या आणि खालच्या अशा दोन पाइपांवर पसरावा. पाइपातून आरपार बोल्ट घालावा लागत असेल तर आत नळीचा तुकडा वेल्ड करून घ्या, नाहीतर बोल्ट आवळताना पाइप चेपतो आणि काही दिवसांत बोल्ट सैल होतो. इंजिन जागेवर असताना वेल्डचे फक्त टाके (छोटे तात्पुरते ठिपके) मारा. त्याआधी बॅटरी आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) सोडवा, इंधनाची कोणतीही वस्तू जवळ ठेवू नका, आणि वेल्डिंग यंत्राचा अर्थिंगचा क्लॅम्प टाक्याच्या अगदी शेजारी लावा, म्हणजे प्रवाह इंजिनाच्या बेअरिंगमधून जाणार नाही. टाके मारून झाल्यावर डाव्या-उजव्या ब्रॅकेटच्या भोकांना जोडणारी एक जाड अँगलची पट्टी बोल्टने आवळा, इंजिन बाहेर काढा, आणि पट्टी तशीच ठेवून आळीपाळीने दोन्ही बाजूंचे वेल्ड पूर्ण करा. पट्टी नसेल तर ब्रॅकेट आकसून एक-दोन मिमी सरकतो आणि नंतर बोल्ट ठोकून बसवावा लागतो. ठोकून बसवलेले रबर पहिल्या दिवसापासून पिळलेले राहते.

भोवतीच्या मोकळ्या जागेबाबत: इंजिन रबरावर हलते, म्हणून त्याच्या आणि चासीच्या मध्ये सगळीकडे किमान १५ मिमी ठेवा, आणि एक्झॉस्टभोवती २५ मिमीहून कमी नको. स्टिअरिंगचा दांडा एक्झॉस्टच्या बाजूनेच जात असेल तर दोहोंत उष्णतारोधक पत्रा घाला आणि ब्रेकच्या नळ्या त्या बाजूने नेऊच नका. दांडा वळवून नेताना दोन जॉइंट लागले तर तेही प्रोपेलर शाफ्टच्याच नियमाने समान कोनात असावेत, आणि तिसरा जॉइंट घालावा लागला तर मध्ये आधाराचे बेअरिंग द्यावे.

बुटक्या नाकाच्या या गाड्यांत रेडिएटरचा माथा इंजिनाच्या हेडपेक्षा खाली येतो. तेव्हा रेडिएटरच्या झाकणातून पाणी भरले तरी हेडमध्ये हवा अडकून राहते. पाण्याचा छोटा हेडर टँक संपूर्ण यंत्रणेत सर्वांत उंच जागी बसवा आणि हेडमधल्या उंच बिंदूपासून त्यात एक बारीक नळी न्या.

रबरावर बसलेले इंजिन चासीपासून विजेच्या दृष्टीनेही अलग होते. बॅटरीच्या केबलइतकीच जाड अर्थ केबल ब्लॉकपासून चासीला जोडली नाही, तर स्टार्टरचा प्रवाह अ‍ॅक्सिलरेटरच्या तारेतून किंवा क्लचच्या पोलादी विणीच्या होजमधून वाट काढतो आणि ती तार किंवा होज जळते. केबलला थोडी ढील ठेवा, म्हणजे इंजिन हलताना ती तुटणार नाही.

उद्या हे इंजिन सोडून पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीतले आडवे इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने वळवून लावण्याचा मोह झाला, तर विकत घेण्याआधी क्रँकच्या मागच्या टोकात गिअरबॉक्सच्या शाफ्टसाठी पायलट बेअरिंगची जागा आहे का ते बघा. अनेक आडव्या इंजिनांत ती नसते आणि क्रँक खराद्यावर न्यावा लागतो. थर्मोस्टॅटचे तोंडही तिथे मागे, थेट फायरवॉलवर (इंजिन आणि चालक यांच्यामधल्या पत्र्यावर) येते. आपण आहे त्या जोडीवर राहावे हे उत्तम. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच गाडीतले असल्यामुळे बेलहाउसिंगचा मध्य, फ्लायव्हील आणि क्लच यांची काळजी आपल्याला करावी लागत नाही. फक्त ब्लॉक आणि बेलहाउसिंग यांच्यातल्या दोन्ही डॉवेल पिना (दोन भाग अचूक जागी बसवणाऱ्या खुंट्या) जागेवर आहेत ना, ते हाताने चाचपून पाहा. जुन्या इंजिनांत त्या हमखास हरवलेल्या असतात, आणि नुसत्या बोल्टांवर गिअरबॉक्स मध्यावर बसत नाही.

पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी स्पार्क प्लग काढा, इंधनाचा आणि इग्निशनचा पुरवठा बंद ठेवा आणि तेलाचा दाब दिसेपर्यंत स्टार्टरने इंजिन फिरवा. मग जिथे जिथे मोकळी जागा कमी वाटते, म्हणजे संप आणि आडवा पाइप, मॅनिफोल्डची शेजारची तिरकस पट्टी, बेलहाउसिंग आणि पायांची खोबण, तिथे मऊ मातीचे गोळे चिकटवा. गरम होणाऱ्या भागावर ते इंजिन थंड असतानाच लावा आणि लगेच चाचणी घ्या. गाडी मोकळ्या जागेत नेऊन पहिल्या गिअरला दोन-चार वेळा जोरात निघा, तितक्याच वेळा जोरात ब्रेक लावा, आणि परत येऊन प्रत्येक गोळा किती दबला ते मोजा. पाच मिमीपेक्षा कमी माती उरली असेल तिथे इंजिनाचा ब्रॅकेट न हलवता शेजारचा भाग कापा किंवा वाकवा, कारण ब्रॅकेट हलवला की शाफ्टचे कोन पुन्हा मोजावे लागतील. माउंटिंगचे, शेपटीच्या पट्टीचे आणि डिफरन्शियलच्या नाकाचे सगळे बोल्ट पहिल्या ५० किलोमीटरनंतर आणि पुन्हा ५०० किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने तपासा, आणि प्रत्येक बोल्टवरून चासीवर रंगाची एक रेघ ओढून ठेवा, म्हणजे पुढे नुसते खाली वाकून पाहिले तरी कोणता बोल्ट फिरला ते दिसेल.